शितोळेकाकांचा डावा हात

पद्मिनी बिवलकरला घोड्यांचा नाद आहे हे अमेरिकेतल्या पार्सिपनीत फार थोड्यांना ठाऊक होतं. मूळची नागपूरची, औषध कंपनीत एकोणतीस वर्षं आकडेमोड करून रिटायर झालेली, चष्मा गळ्यात अडकवून फिरणारी ही बाई. दर शनिवारी सकाळी ती इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींवर पैसे लावते, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. पैसे तरी कितीसे? पाच-पाच पौंड. लेस्टरला राहणारा तिचा भाचा ईशान तिच्यासाठी ते लावायचा. तिला गोडी होती ती घोडा निवडण्याची.

त्यातही तिला हवी असायची ती मोठी हँडिकॅप शर्यत. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिशाचं वजन भरतात आणि बेताच्या घोड्याला हलकं सोडतात, म्हणजे सगळ्यांना सारखीच संधी. वीस घोडे, तीन मैल, उंच कुंपणं आणि पायाखाली चिखल. अशा शर्यतीत पहिला कोण येणार हे छातीठोकपणे सांगणारा माणूस पद्मिनीच्या मते थापाड्या. ती ‘ईच-वे’ लावायची. निम्मे पैसे घोडा जिंकण्यावर, निम्मे तो पहिल्या चारांत येण्यावर. हलक्या वजनाचा, चिखलाला सरावलेला, कधी न पडणारा आणि कुणाच्याच खिजगणतीत नसलेला घोडा ती यादीतून हुडकून काढायची, आणि तो धापा टाकत तिसरा नाहीतर चौथा यायचा.

कागदावरचं तिला कळे. जिवंत घोडा बघायला मात्र शितोळेकाका लागत. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे, साताऱ्याकडचे, उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या घोडदळात काढलेले. बायको गेल्यावर मुलानं, ऋषीनं, त्यांना पार्सिपनीला आणलं. मराठी मंडळाच्या एका पॉटलकमध्ये, घरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणात, दोघांची गाठ पडली आणि मग शनिवारचा पायंडाच पडला. सकाळी नऊला पद्मिनी यादीचा प्रिंटआउट घेऊन ऋषीच्या घरी जायची. मागच्या काचेच्या खोलीत टीव्ही लागायचा. घोडे शर्यतीआधी गोल फिरत असताना काका पुढे झुकून म्हणायचे, “तो करडा बघा. कान बघा त्याचे. आज मनापासून पळणार गडी.”

नोव्हेंबरात काकांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डिसेंबरात ते व्हीलचेअरवर घरी आले. जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांची सून इला हिचा फोन आला. “काकू, या ना तुम्ही. शर्यत लागली की बाबांना बरं वाटेल.”

पद्मिनी गेली. अठरा घोड्यांची यादी तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली. काका बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू उचलला गेला आणि एका नावावर येऊन टेकला. बोट नव्हे, अख्खा तळवा, नाव पूर्ण झाकून टाकणारा.

“हा?” पद्मिनी खूश झाली. “अहो काका, हा माझ्याही मनात होताच.” तिनं ईशानला मेसेज केला.

तो घोडा शेवटून तिसऱ्या कुंपणापर्यंत पाचवा होता. तिथं तो पडला आणि उठला नाही. माणसं हिरवे पडदे घेऊन धावली, घोड्याला जागीच संपवायचं असलं की करतात तसा त्याच्याभोवती आडोसा झाला आणि कॅमेरा दुसरीकडे वळला. काकांनी टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं. ते अंगणातल्या बर्फाकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी दुसरं नाव झाकलं गेलं. पुन्हा पडदे. तिसऱ्या शनिवारी पद्मिनीनं पैसे लावले नाहीत, नुसती पाहत बसली. काकांनी झाकलेला घोडा कुंपणावर पडलासुद्धा नाही. सपाट गवतावर, कुणी काही न करता, एकदम खाली बसला आणि कलंडला.

त्या आठवड्यात तिनं जुन्या शर्यतींच्या बारा याद्या छापल्या, तारखा आणि निकाल कापून टाकून. पाच शर्यतींत एकेक घोडा मेला होता, सातांत एकही नाही. मंगळवारी दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, तिनं त्या एकेक करून काकांपुढे धरल्या. सात याद्यांवर काकांचा हात हललाच नाही. उरलेल्या पाचांवर तो उठला, सावकाश फिरला आणि थांबला. पाचही वेळा बरोबर नावावर. असं योगायोगानं होण्याची शक्यता किती, हे गणित तिच्या हातचा मळ होतं. तिनं ते केलं नाही. ती कागद गोळा करू लागली.

इला ऑफिसातून आली तेव्हा शेवटची यादी काकांच्या हाताखालीच होती. तिनं सहज पाहिलं. “असाच हात ठेवायचे ते, ऋषी सांगतो. रेजिमेंटमध्ये घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालायचं काम बाबांकडे असायचं. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. आधी त्याचे डोळे झाकायचे म्हणे, डाव्या हातानं.”

पद्मिनीनं त्या दिवसापासून यादी नेणं बंद केलं. कुणाला काय सांगणार होती? आणि सांगून कुठला घोडा थांबला असता? ईशाननं विचारलं, “मावशी, कंटाळलीस का गं?” ती हो म्हणाली.

एप्रिलमध्ये ऋषीनं टूम काढली, मेरीलँडला अडथळ्यांची शर्यत आहे, बाबांना खरेखुरे घोडे दाखवू. पद्मिनीला नको होतं, पण काकांना आपल्याशिवाय घोड्यांजवळ जाऊ द्यायचं आणखीच नको होतं. मैदानावर हिरवळ होती, लोक गाड्यांच्या डिकीत सँडविच मांडून बसले होते. ऋषीनं कार्यक्रमपत्रिका विकत घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत काकांच्या मांडीवर उघडून ठेवली. चौथी शर्यत, हँडिकॅप, नऊ घोडे.

हात उठला. घोड्यांच्या नावांवरून तो सरळ पुढे गेला आणि शेजारच्या, जॉकींच्या रकान्यातल्या एका नावावर टेकला.

 पद्मिनीनं तळव्याखालून कागद ओढला आणि नाव वाचलं. केटी मॉरो. शर्यतीला पंचवीस मिनिटं होती. घोडे आणि जॉकी तयार होतात त्या रिंगणाच्या कठड्याशी ती धावली. पत्रिकेत नावापुढे छापलेल्या निळ्या-पिवळ्या रेशमी शर्टात केटी हेल्मेटचा पट्टा आवळत उभी होती. असेल तेवीस-चोवीस वर्षांची.

धावताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं पद्मिनी विसरली. इंग्रजीत एवढंच म्हणाली, “तुला बरं वाटतंय ना?”

“तुम्ही कोण?”

“तू मला ओळखत नाहीस. पण तुला काहीतरी होतंय. खरं सांग.”

केटी हसणार होती. तेवढ्यात तिची नजर पद्मिनीच्या खांद्यावरून मागे गेली. तिथं व्हीलचेअरमध्ये काका होते, आणि ते तिच्याकडेच टक लावून बघत होते. येऊ घातलेलं हसू तिथंच विरलं.

“मंगळवारी प्रॅक्टिसमध्ये पडले होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “तेव्हापासून डोकं दुखायचं थांबत नाहीये. सकाळपासून डाव्या डोळ्यानं दोन-दोन दिसतंय. पण डॉक्टरला सांगितलं तर माझा घोडा दुसऱ्याला देतील.”

“देऊ देत,” पद्मिनी म्हणाली आणि तिचा हात धरून तिला अँब्युलन्सपाशी घेऊन गेली. केटी सोडवून घेऊ शकली असती. तिनं सोडवला नाही.

तिचा घोडा दुसऱ्या जॉकीनं पळवला आणि तो तिसरा आला. त्या दिवशी मैदानावर कुणीही पडलं नाही. केटीच्या मेंदूवर रक्त साकळलं होतं. संध्याकाळपर्यंत तिचं ऑपरेशन झालं होतं. एक उडी आणि एक हिसका, एवढंच पुरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

परतीची वाट तीन तासांची होती. काका झोपले होते. इलानं एकदाच मागे वळून विचारलं, “काकू, तुम्हाला कसं कळलं?” पद्मिनीनं तिला सगळं सांगितलं, मंगळवारच्या बारा याद्यांसकट. गाडी चालवणाऱ्या ऋषीनं रेडिओ बंद केला तो घर येईपर्यंत लावला नाही.

जूनमध्ये केटीचा फोन आला. नंबर तिला ऋषीकडून मिळाला होता, आणि काकांच्या हाताची गोष्टही. पद्मिनी तेव्हा काचेच्या खोलीतच बसली होती, काकांना पेपर वाचून दाखवत.

“डॉक्टरांनी परवानगी दिली आहे,” केटी म्हणाली. “ऑक्टोबरपासून पुन्हा घोड्यावर बसणार.” मग ती जरा घुटमळली. “ते आजोबा कसे आहेत? त्यांना एकदा विचाराल? माझं नाव लिहून नुसतं त्यांच्यापुढे ठेवायचं. बस, तेवढंच.”

पद्मिनीनं काकांकडे पाहिलं. उन्हात त्यांचे डोळे मिटले होते. डावा हात खुर्चीच्या दांडीवर पालथा पडला होता, स्थिर.

“नाही गं बाळा,” ती आधी मराठीतच म्हणून गेली, आणि मग इंग्रजीत म्हणाली, “ते मी विचारणार नाही. डोकं दुखलं की डॉक्टरला सांगत जा.”

 केटी म्हणाली, “ओके,” आणि तिनं फोन ठेवला. पद्मिनीनं पेपर पुन्हा उचलला आणि हवामानाच्या बातमीपासून पुढे वाचायला सुरुवात केली.