आतोबांची सर्दीची गोळी

आमच्या आतोबांचं औषधांचं दुकान आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते कोणाला साधी गोळीही देत नाहीत. आत्याचं डोकं दुखलं तरी काउंटरमागून विचारतात, "चिठ्ठी?" आत्याने त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकले. डोकेदुखीची गोळी ती समोरच्या दुकानातून आणते.

अशा काटेकोर माणसाचा जीव जडला होता तो एका नावाजलेल्या सायकलपटूवर, आणि तो गडी उत्तेजक औषधं घेताना पकडला गेला होता. एकदा नव्हे, दोनदा. तरी त्याचा फोटो गल्ल्याच्या वर झळकत होता. पहिल्यांदा पकडला तेव्हा आतोबा म्हणाले, तपासणी चुकली. दुसऱ्यांदा म्हणाले, डॉक्टरने न सांगता दिलं असणार, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? शेवटी त्याने स्वतःच टीव्हीवर कबुली दिली, तेव्हा म्हणाले, त्याच्यावर दबाव आणला असेल. प्रेम आंधळं असतं हे मलाही मान्य आहे, पण औषधं विकणाऱ्याने तरी एक डोळा उघडा ठेवावा की नाही?

शेजारचे घड्याळवाले त्यांचे शाळेपासूनचे मित्र. शर्यतींच्या दिवसांत दोघे दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर बसत. चढ आला की आतोबांचे पाय आपोआप स्टुलाखाली पॅडल मारू लागत आणि घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून म्हणत, "बघ, औषध चढतंय."

"आजारी होता तो," आतोबा म्हणत.

"डोंगर आला की बरा आजारी पडतो. चोर आहे तुझा तो."

मग जी जुंपायची, की गिऱ्हाईक काउंटरवर खोकत उभं राहायचं.

आमच्याकडे दरवर्षी तळ्याभोवती साठीपुढच्यांची सायकल शर्यत होते. घड्याळवाले दरवर्षी पहिले, आतोबा दरवर्षी त्यांच्या मागे. आयुष्यात एकदा तरी त्या माणसाला आपलं मागचं चाक दाखवायचं, एवढीच आतोबांची इच्छा उरली होती. यंदा ऐन शर्यतीच्या सकाळी त्यांचं नाक चोंदलं. त्यांनी दुकान उघडलं, एक गोळी तोंडात टाकली आणि तळं गाठलं. शेवटच्या वळणावर त्यांनी घड्याळवाल्यांना मागे टाकलं आणि पहिले आले. सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या घड्याळवाल्यांनी.

संध्याकाळी मी आणि आत्या दुकानात गेलो, तर शर्यतीत जिंकलेला कप काउंटरवर आणि आतोबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. गल्ल्यावरचा फोटो गायब. तेवढ्यात घड्याळवाले मिठाईचा पुडा घेऊन आले.

"फोटो कुठंय?"

"काढला. चोर होता तो." आतोबांनी कप त्यांच्याकडे सरकवला. "आणि हा तुझा. सकाळी मी सर्दीची गोळी घेतली होती. तिने अंगात जोर येतो, म्हणून शर्यतीत बंदी आहे तिच्यावर."

घड्याळवाले हसले. "अरे, सर्दी होती तुला. आणि म्हाताऱ्यांना कोण तपासतंय?"

"शेजारीच दुसरी साधी गोळी होती. तिनेही नाक मोकळं झालं असतं. तिच्यावरून हात पुढे नेला आणि हीच उचलली. तेव्हा मला सगळं माहीत होतं रे. म्हणजे त्यालाही माहीत असणार."

मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं त्यांनी त्या माणसाची बाजू घेतली, आणि शेवटी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला स्वतःलाच उभं राहावं लागलं.

काउंटरखाली वाकून घड्याळवाल्यांनी फोटो शोधला, भिंगाच्या फडक्याने पुसला आणि परत खिळ्याला टांगला.

"राहू दे. चोर आहेच तो. पण हा गेला तर मी तुझ्याशी भांडू कोणावरून?" असं म्हणून त्यांनी कप काखेत मारला. "हा मात्र मी नेतो."

आतोबा हसले. सगळं मिटलं असं मला वाटलं. पण आत्या अजून काउंटरसमोरच उभी होती.

"एक विचारू?" ती शांतपणे म्हणाली. "सकाळच्या त्या गोळीची चिठ्ठी कुठंय?"

आतोबांनी एकवार फोटोकडे पाहिलं. मग मुकाट्याने मागे वळून त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट तिच्यासमोर ठेवलं.