दार लावल्यावर न उघडणारी खिडकी

त्या गल्लीत सगळे त्याला करंट म्हणत. गाड्यांच्या वायरिंगमुळे आपल्याला हे नाव पडलं, अशी त्याची समजूत होती. खरं तर ते त्याच्या जिभेमुळे पडलं होतं, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाजूला पत्र्याचे पोचे काढून रंग मारणारा, समोर सीट कव्हर शिवणारा, कोपऱ्यावर स्पेअर पार्टवाला, आणि मधे करंटचं दुकान. दुकानात एक टेबल, भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि एकच खुर्ची, ती त्याची. गिऱ्हाइकाला बसायला दिलं की ते बोलायला लागतं, असं त्याचं म्हणणं होतं.

बटणावर वरखाली होणाऱ्या काचांचे बिघाड शोधण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीचे मेकॅनिक काच अडली की आधी मोटार बदलत, मग बटण बदलत, आणि तरीही काच हलली नाही की गिऱ्हाइकालाच दुसरीकडे पाठवत. करंट त्यांना ‘बदलीखातं’ म्हणे. तो स्वतः टेस्ट लॅम्प घेऊन बसे. एक साधा दिवा, एका टोकाला टोचणी, दुसऱ्या टोकाला चिमटा. फ्यूजपाशी वीज आहे का, बटणात शिरते का, बटणातून निघते का, मोटारीपर्यंत पोचते का, असं पायरीपायरीने तो जाई, आणि दिवा जिथे पेटायचा नाही तिथे थांबे. बाकीच्यांच्या व्होल्ट मोजायच्या मीटरची त्याला कीव येई. “वायरीत केसाएवढी तार शिल्लक असली तरी तुमचं मीटर बारा व्होल्ट दाखवून मोकळं,” तो म्हणे. “दिवा पेटवायला खरी वीज लागते. दिव्याला थापा मारता येत नाहीत.”

मीटरपेक्षा त्याला गिऱ्हाइकांचा तिटकारा जास्त होता. मागच्या काचा बंद पडल्या म्हणून रडत आलेला एक बडा अधिकारी त्याने एका बोटात परत पाठवला होता, कारण ड्रायव्हरशेजारचं काचा लॉक करायचं बटण दोन महिने दाबलेलंच होतं. “साहेब, कचेरी तुम्ही चालवता ना? मग बंदच असेल ती,” असं वर ऐकवलं. गल्ली महिनाभर हसत होती. कुणी तोंड उघडून “काय होतंय माहितीये का,” असं सुरू केलं, की करंट हात वर करी. “लक्षणं नकोत. गाडी सांगेल मला.” आणि गाडी त्याला सांगतही असे, म्हणून तर हा माज चालून गेला.

या माणसाला घरी कुणी नव्हतं. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तिने त्याला कसं सोसलं हे कोडं ती सोबत घेऊन गेली. मुलगा दूर नोकरीला होता आणि दूरच बरा होता. उरली एक धाकटी बहीण. ती दर रविवारी नवऱ्याला घेऊन यायची, स्वयंपाक करायची, त्याचे शर्ट बघून नाक मुरडायची आणि त्याच्याशी दोन तास भांडायची. आठवड्यात त्याच्याशी माणसासारखं बोलणारी तेवढी एकच. तो तिला कधी ‘ये’ म्हणाला नव्हता, पण शनिवारी रात्री भांडी घासून ठेवायचा.

तिचा नवरा म्हणजे दाजी. दाजी एका कचेरीत नकाशे काढायचे आणि बोलायचेही नकाशा काढल्यासारखे, आधी पेन्सिलने, मग खोडून, मग शाईने. करंटला ते अजिबात झेपत नसे. दाजींनी “मला असं वाटतं की” म्हटलं, की हा पुढचं स्वतःच बोलून टाकी, बहुतेक वेळा चुकीचं, आणि दाजी मान हलवून गप्प बसत. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. करंटच्या मते दाजींना मत असं नव्हतंच.

तर या दाजींच्या गाडीची मागची डावी काच अडू लागली. तिथे दाजींची आई बसायची. म्हातारीला गाडी लागायची, वारा नसला की ओकारी ठरलेली. दाजी गाडी घेऊन आले. करंटने मागचं दार उघडलं, टोचणी लावली, बटण दाबलं. काच लोण्यासारखी खाली गेली, वर आली. “काय बिघाड आहे यात?” म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं. आठवड्याने दाजी परत. या वेळी त्याने दाराचं आतलं अस्तर काढलं, मोटार बघितली, कनेक्शन साफ केली. काच दहा वेळा खाली, दहा वेळा वर. दाजी परत गेले, आणि वाटेतच म्हातारी स्वतःच्या साडीवर ओकली.

तिसऱ्या खेपेला दाजी आले तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि गल्ली भरलेली होती. करंटने दार सताड उघडलं, बटण दाबलं, काच खाली गेली. मग तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, “बघा मंडळी! गाडी ठणठणीत आहे. बिघाड यांच्या बोटात आहे. दाजी, घरी जा आणि बटण कसं दाबायचं ते बायकोला विचारा. बाकी सगळं तिलाच विचारून करता ना?” रंगवाला हसला, सीट कव्हरवाला हसला, पार्टवाला तर दुकानाबाहेर येऊन हसला. दाजीही हसले. हसणं भाग होतं म्हणून हसले आणि गाडी काढून गेले.

त्या रविवारी बहीण आली नाही. करंटने फोन केला. ती एवढंच म्हणाली, “चार लोकांत तू त्यांना खोटं ठरवलंस. माझी वाट बघू नकोस.” पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भांडी घासलेलीच राहिली. करंट गल्लीत जास्तच खवचट झाला. बायकांना नवऱ्यांचं फार असतं, असं रंगवाल्याला सांगताना त्याचा आवाज मधेच बसला, तेव्हा त्याने खोकला काढला. त्याला बहीण हवी होती, आणि हे कबूल करण्यापेक्षा त्याने दाताने वायर सोलली असती.

चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, ती स्वतः गाडी चालवत आली. खाली उतरून मागचं दार उघडून म्हणाली, “बस आत.”

“बसायचं कशाला? बाजूला हो, दार उघडं राहू दे, मी बघतो.”

“खिडकी उघडताना आम्ही दार उघडं ठेवून फिरतो का रे, दादा?”

करंटने उघड्या दाराकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं तो गाड्यांच्या दारांत वाकून उभा होता, उकिडवा बसला होता, आडवा झोपला होता. काम करायचं तर दार उघडंच लागतं. दार लावून, प्रवाशासारखा सीटवर बसून, त्याने एकही काच तपासलेली नव्हती. त्याच्याजवळ स्वतःची गाडीही नव्हती. तो आत बसला. तिने दार लावलं आणि पुढे जाऊन चावी फिरवली.

“दाब आता.”

त्याने बटण दाबलं. काच हलली नाही. परत दाबलं. तिने पुढून दाबलं. काहीच नाही. मोटारीचा साधा हुंकारसुद्धा आला नाही. त्याच्या मानेवरून घाम ओघळला. तो दार उघडायला गेला तर दार आतून उघडेना. म्हातारीने एकदा चालत्या गाडीत दार उघडलं होतं, म्हणून मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावून ठेवलं होतं.

“उघड,” तो म्हणाला.

“उघडते. आधी ऐक. पहिल्या दिवशी ते तुला म्हणाले, ‘दादा, दार…’ तू म्हणालास, लक्षणं नकोत. दुसऱ्या वेळी त्यांनी घरून कागदावर लिहून आणलं, कारण बोलू देणार नाहीस हे माहीत होतं. तू त्या कागदाला हात पुसलेस. ग्रीस लागलेला तो कागद त्यांनी परत आणला, मी वाचलाय. ‘दार लावलं की काच बंद पडते, उघडलं की चालते.’ एवढंच होतं त्यात. एक ओळ! तुझ्या त्या दिव्याला जे सापडलं नाही ते त्यांनी बसल्याजागी शोधलं होतं. आणि तू त्यांना बायकोला विचारा म्हणालास.”

करंट आत शिजत होता, आणि उकाडा त्यातलं निम्मंही कारण नव्हतं. महामूर्ख हा शब्द त्याने आजवर इतरांवर उधळला होता. आता तो नेमका कुठे बसतो ते त्याला दिसलं. तिने दार उघडलं तेव्हा तो उतरला आणि थेट दाराच्या बिजागरीशी वाकला.

दार आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधे रबराची एक नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. त्याने ती नळी सोडवली आणि एकेक वायर दोन बोटांत धरून वाकवत गेला. तपकिरी वायर एका ठिकाणी मऊ लागली. वरचं प्लॅस्टिक अखंड होतं, आतलं तांबं तुटलेलं. दार उघडलं की वायर सरळ व्हायची आणि तुटकी टोकं एकमेकांना टेकायची. दार लावलं की वायर दुमडायची आणि टोकं सुटायची. त्याने खराब तुकडा कापला, नवा जोडला, डाख दिला, वर प्लॅस्टिकची बाही चढवली. मग कुणी न सांगता आत बसला, बहिणीला दार लावायला सांगितलं आणि काच वीस वेळा खाली-वर केली.

“चुकलं माझं,” तो खिडकीतून म्हणाला.

“मला नको सांगूस. मी नव्हते तेव्हा इथे. पाच वाजता ते येतील गाडी न्यायला. ज्यांना हसवलंस त्यांच्यासमोर सांग, तर मी घरी येईन.”

पाचला दाजी आले, नेहमीसारखे, चपला न वाजवता. बहीण गाडीला टेकून उभी होती. करंट गल्लीच्या मधोमध आला आणि म्हणाला, “ऐका. यांच्या गाडीत बिघाड होता. चूक माझी होती.” रंगवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. “काय?” सीट कव्हरवाल्याने कानाला हात लावला. करंटने परत सांगितलं. “कुणाची चूक?” पार्टवाला बाहेर आला. त्याला ऐकू आलं होतं, पण अशी संधी तो कशी सोडेल? करंटने तिसऱ्यांदा जीव खाऊन “माझी!” म्हणून आरोळी ठोकली आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर बंद झाला. गल्लीच्या दोन्ही टोकांना ती पोचली. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

“असू दे हो,” दाजी पुटपुटले.

“असू दे कसं? त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता ते आज सांगा. मी ऐकतो.”

“आता झाली ना दुरुस्त.”

“तरी सांगा.”

दाजींनी बायकोकडे बघितलं, मग करंटकडे. “मी म्हणत होतो की दार…” एवढं म्हणून ते थांबले. करंट गप्प राहिला. त्याचा जबडा दुखत होता, पण तो गप्प राहिला. दाजी तसेच थांबून राहिले. आता हा आपलं वाक्य तोडणार, याची ते वाट बघत होते. ते कुणी तोडलं नाही. तेव्हा ते गोंधळून हसले आणि म्हणाले, “पुढे काय होतं बरं?”

करंटला ते पुढचं पाठ होतं. सांगायला त्याची जीभ धजली नाही.

बहीण हसत नव्हती. तिने नवऱ्याच्या हातात चावी दिली, त्यांना गाडीत बसू दिलं, आणि मग भावाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “बोललास. मीही शब्द पाळीन. रविवारी येईन.”

तिने जरा थांबून त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं.

“एकटी येईन,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.