एकेचाळीस हाका

करमाडच्या सोनाजीला अक्षर वाचता येत नव्हते. मोजता मात्र येत होते. दिवेलागणीला मेंढरे जाळीच्या कुंपणात शिरू लागली की तो प्रत्येकीच्या पाठीवर बोट टेकवी. शेवटच्या पाठीवरून बोट उठल्यावाचून त्याने कधी भाकरीला हात लावला नाही. एक जरी कमी भरली, तरी काठी घेऊन आल्या वाटेने माघारी जाई. जपाचा मणीही कुणी इतक्या मायेने ओढला नसेल.

दोन हजार तेराच्या दुष्काळात ती माळ तुटली. बापजाद्यांपासून मेंढरे ज्या तळ्यावर पाणी पीत आली, ते बुजवून तिथे प्लॉट पाडले होते. त्या दिवशी राखणीला सोनाजीचा मुलगा सुदर्शन होता. वय एकोणीस. तळे सापडेना, तेव्हा तहानेने वेडी झालेली मेंढरे एका कारखान्यामागच्या हिरवट नाल्याकडे धावली. सुदर्शन मागून ओरडत राहिला, "माघारी फिर गं, म्होरं पाणी नाय!" डोळ्यांपुढे पाणी चमकत असताना हे त्या मुक्या जिवांना कसे पटावे? ते विषारी पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत एकेचाळीस मेंढ्या गेल्या. सोनाजी मुलाला एका शब्दाने बोलला नाही. उरलेली पाच-सहा त्याने मेहुण्याकडे धाडली, आणि मोजणे सोडले.

सुदर्शन शहरात आला. पुंडलिकनगरात खोली, दिवसा शेंद्र्याच्या कंपनीत काम, आणि सुटीच्या दिवशी चौघांचा बँड. नाव 'टँकर'. त्या गाण्याला पंक रॉक म्हणतात, एवढे त्याला ड्रम वाजवणाऱ्या योगिनीने सांगितले. त्याला इतकेच ठाऊक होते की इथे सुराची सक्ती नाही, ओरडायला मुभा आहे. त्याचे एक गाणे एका ओळीचे होते. तीच हाक, एकेचाळीस वेळा. दहाव्या हाकेला लोक हसत, विसाव्याला खुर्च्या सोडत. हा मात्र एकेचाळिसावी दिल्याखेरीज माइक सोडत नसे. प्रत्येक हाक एकीची होती, आणि प्रत्येक हाकेला त्याला वाटे, ही तरी फिरेल.

सहा वर्षांत घसा फाटला. शस्त्रक्रिया झाली आणि आवाजाच्या जागी नुसता वारा उरला. तेव्हा योगिनीने ठरवले, सगळ्या गाण्यांचे पुस्तक काढायचे. सुदर्शन करमाडला गेला आणि बापाच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजला, की प्रत्येकीची ओळ छापून येणार आहे.

सहा वर्षांत सोनाजीने पहिल्यांदाच त्या मेंढ्यांचा विषय काढला. "समद्यांची?"

सुदर्शनने मान हलवली.

"मग मी मोजीन," सोनाजी म्हणाला.

क्रांती चौकाजवळच्या छापखान्यात मुद्रिते तपासायला तात्यासाहेब होते. चाळीस वर्षे भजनांची पुस्तके तपासलेला सात्त्विक माणूस. सुदर्शन पुन्हा दवाखान्यात होता. योगिनीने वडीलधाऱ्यांवर विश्वासून सारे सोपवले. त्यांनीही ती रांगडी गाणी लेकरासारखी न्हाऊमाखू घातली.

तीनशे प्रती निघाल्या. नैवेद्य आधी चाखत नाहीत, म्हणून सुदर्शनने पुस्तक उघडले नाही. योगिनीला घेऊन तो थेट करमाडला गेला. सुदर्शनच्या आईने, बानाबाईने, पुस्तक हातावर तोलले. "एवढा घसा फाडला, अन् भरलं एवढुसंच व्हय रे?" असे म्हणत तिने ते डोळ्यांना लावले. सोनाजीने हात धुतले. योगिनीने पान काढून दिले. त्याने ओळीवर बोट टेकवले.

"एक."

खाली कोरा कागद होता. ओळीच्या शेवटी दोन दंडांमध्ये बारीकसा 'धृ'. सोनाजीने पान उलटले. योगिनी म्हणाली, हे दुसरे गाणे आहे. "म्होरं गेल्या असतील," असे म्हणून तो एकेक पान उलटत राहिला, जसा एकेकाळी काठी घेऊन शिवार धुंडाळी. शेवटचे पान आले. सुदर्शनचे डोळे जमिनीवरून उठेनात.

योगिनीने तात्यासाहेबांना फोन लावला. ते मायेनेच बोलले, "अहो ताई, ध्रुपद एकदाच छापतात. पुन्हा पुन्हा म्हणणारे असतात ना मागं."

नामाचे तसेच आहे. एकदा लिहावे, टाळकरी ते हजारदा उचलतात. सुदर्शनच्या मागे कोण उभे होते? पुन्हा छापायला योगिनीजवळ पैसे उरले नव्हते, आणि तीनशे प्रतींत मेंढी एकच होती.

सोनाजीने पाने मागे उलटत ते पान पुन्हा शोधले आणि ओळीवर बोट ठेवले.

"मग तू म्हण, लेका. मी मोजतो."

सुदर्शनने तोंड उघडले. गळ्याच्या शिरा ताठल्या. बाहेर आला तो वारा. पायाशी मेंढी बसलेली असती, तर तिनेही कान टवकारला नसता.

सोनाजी वाट पाहत राहिला. दिवेलागण झाली. बानाबाईने भाकरी वाढून ठेवली, ती ताटात निवून गेली. बोट त्या एका ओळीवरून उठले नाही.