नळी निवेपर्यंत

आधी यंत्राच्या तब्येतीची चौकशी आणि मग पेशंटच्या, असा माणूस अख्ख्या विरारमध्ये एकच होता आणि तो आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फुलपाड्यातल्या त्या दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे. चिंचोटीजवळच्या गावाहून स्कूटरवर येणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सगळे एक्स-रेमामा म्हणायचो. त्यांच्या खोलीत पंखा एकच, आणि त्याचं तोंड कायम यंत्राकडे. घामाने निथळणाऱ्या पेशंटने कुरकुर केली की मामा म्हणत, "तुमाला घाम तरी येतो. तिला तो पन येत नाय." ती म्हणजे यंत्रातली नळी. एक फोटो काढला, की लेकराचं कपाळ बघावं तसा तिच्या डब्याला हात लावून ते पाच मिनिटं थांबत आणि थांबण्याचं कारण प्रत्येकाला समजावत. पाय मोडलेल्या एका आजींना तर त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. "जोरात, आजी! आवाज झाला, हात पन गरम झाले ना? तसंच हाय. आत तार तापते, तिच्यातनं इलेक्ट्रॉन सुटतात नि धातूवर आपटतात. आपटून अडले की त्यांचा जोर बाहेर पडतो. त्यातला चिमूटभर एक्स-रे, बाकी सगळी आग. ती निवायला नको?" आजी पाय विसरून टाळ्या वाजवत बसल्या आणि बाहेरची रांग माझ्यावर खेकसत राहिली.

पुढचं सांगायची मला लाज वाटते. एका शनिवारी संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. दवाखान्यात हे कुणालाच सांगितलं नव्हतं. रांग हलेना, मामा डब्याला हात लावून उभे. मी आत गेले आणि बेधडक म्हणाले, "मामा, डॉक्टरांनी सांगितलंय, आज थांबू नका. एकामागून एक काढा." डॉक्टर काहीच बोलले नव्हते. मामांनी माझ्या केसांतल्या नव्या गजऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कमरेचे, पाठीचे मोठाले फोटो त्यांनी लागोपाठ काढले, आणि मी वेळेत घरी पोचले.

सोमवारी यंत्र चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "नळी जळलीय. दम न देता वापरली." डॉक्टर सगळ्यांदेखत मामांवर कडाडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी दोन हातांच्या अंतरावर केसपेपर लावत होते. माझ्या एका वाक्याने मामांची नोकरी वाचली असती. मी केसपेपर लावत राहिले. मामा खाली बघत म्हणाले, "माजीच चूक झाली."

महिनाअखेरीस त्यांना काढून टाकलं. निघताना ते काउंटरशी आले, तेव्हा आता हे माझं नाव घेणार म्हणून मी केसपेपरांत डोकं घातलं. मामांनी आवाज उतरवून विचारलं, "शनिवारी पावने आलेले ना? जमलं का, बाय?"

माझी घाई त्यांनी तेव्हाच ओळखली होती. मी होकारार्थी मान डोलावली. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "बरं झालं. लग्नाला बोलव हां."

मी पत्रिका पाठवली नाही. कुठल्या तोंडाने पाठवणार? मामांना वाटलं असेल, पोरगी विसरली.