थापाड्या

जुने कंप्युटर दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, त्या मेकॅनिकला सगळे थापाड्या म्हणत. हार्ड डिस्क अडकून कंप्युटर सुरू होईना, की तो तिला बाजूने हलकी थाप मारी आणि ती घरघरत फिरू लागे. मेहुण्याचा कंप्युटर असाच उठवून त्याने बजावलं, "बंद करू नकोस. आधी लेकीचे फोटो उतरवून घे. ही डिस्क पुन्हा उठायची नाही."

"पुरे तुमच्या थापा, दाजी!" म्हणत त्या शहाण्याने खटकन बटण दाबलं. डिस्क बसली ती बसलीच. फोटो गेले.

संध्याकाळी बायको कडाडली, "माझ्या भावालासुद्धा थापच मारलीत?"

उभ्या जन्मात खोटं न बोललेला नवरा म्हणाला, "थाप मारली, तोवर सगळं ठीक होतं. खरं बोललो, तिथे चुकलं."