बिनआवाजाचा खुनी

उधन्याच्या यंत्रमाग वस्तीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात मी अनेकदा मेलो आहे. खुनी माझा मोठा भाऊ. हत्यार म्हणजे त्याच्या कारखान्यातला जुना धोटा: मागावर सुताची कांडी वाहून नेणारा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडाचा तुकडा.

दादाने एका सुट्टीला कुठलासा परदेशी खूनपट पाहिला होता. सिनेमा मोठ्यांसाठीचा, म्हणून मला नेलं नाही. त्याची भरपाई म्हणून तो घरीच प्रयोग करायचा. मागांच्या खडखडाटात कामगार हातांनी आणि ओठांनी बोलतात, त्यामुळे त्याचे हात म्हणजे अख्खं नाटक! सिनेमातल्या वसतिगृहातली सुंदरी मी. डोक्यावर टॉवेल, तोंड भिंतीकडे, केस विंचरणं चालू. आमच्या खुन्याची कमाल ही, की तो आवाजच करायचा नाही. मानेला गार लोखंड टेकलं की कळायचं, मेलो! मी असा किंचाळायचो की शेजारीण भिंतीवर वाटी आपटायची.

आई त्याला हाका मारून दमायची. "कामाचं नाव काढलं की हा बहिरा होतो," म्हणायची. आम्ही खो खो हसायचो.

तो सिनेमा मला परवा सापडला. डिंडोलीला दादाच्या घरी टीव्हीवर लावला. दादाला आता काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र कपाटात झोपलेलं असतं. मी मात्र समीक्षकाच्या थाटात मांडी घालून बसलो.

दोष ढीगभर. रक्त बर्फगोळ्याच्या सरबताचं. भर उन्हाळ्यात हातमोजे घालणारा माळी एकच, तरी खुनी कोण हे कुणाला कळत नाही. पोरी एकेकट्या तळघरात जातात, जणू तिथे साड्यांचा सेल लागलाय. गुण म्हणाल तर एकच, पण अस्सल. खुन्याच्या पायात साखळी असते. लांब झग्याखाली ती दिसत नाही, पण तो येण्याआधी दर वेळी फरशीवर घासत येते. खर्र... खर्र... सगळी भीती त्या आवाजात.

"भाऊजी, बंद करा हो ते!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. "त्या साखळीनं काटा आला अंगावर."

दादा शांतपणे खमण खात होता.

आणि माझं हसू गेलं. आमच्या खुन्याला साखळी कधीच नव्हती. तेव्हा दादा ऐन तरुण होता, मागावर लागून थोडीच वर्षं झाली होती, तरी आईच्या हाका त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या. आम्ही त्याच्या अभिनयाला टाळ्या देत राहिलो.

सिनेमा संपल्यावर त्याने माझा गुडघा हलवला. "कसा वाटना? सांग ना!"

ओठ दिसावेत म्हणून मी त्याच्याकडे वळलो. "तुझा खुनी जास्त भारी होता."

तो खूश झाला. "मी काहीच जोडं नही. जसा देखा, तसाच करा."

मग उठून त्याने कपाटातून धोटा काढला आणि बोटाने मला भिंत दाखवली. मी टॉवेल घेतला, केस विंचरू लागलो. मागून त्याच्या सपाता फटफटत आल्या, गुडघा कटकन वाजला, श्वास घरघरला. मी मान वळवली नाही.

लोखंड टेकलं तेव्हा मात्र गर्रकन वळलो आणि त्याला नीट दिसेल असा, मोठा आ करून किंचाळलो.