मातीतली पावले

सोमवारी रेंजरसाहेबांनी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि गार्डच्या हातात दिला.

आम्ही चामोर्शीच्या पुढच्या कूपात उभे होतो. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा. गोष्ट पन्नासच्या दशकातली. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत आणि मी प्रोबेशनवरचा नवा फॉरेस्टर होतो. तोडायच्या झाडाची साल थोडी सोलायची आणि तिथे खात्याचा हातोडा मारायचा. हातोड्याच्या तोंडावर अक्षर कोरलेले असते, ते लाकडात उमटते. एक खूण छातीच्या उंचीवर, दुसरी अगदी जमिनीशी. झाड पडून निघून जाते. खुंटावरची खूण मागे राहते. तपासणीला तीच पाहतात.

माझी खूण उमटत नव्हती.

"हे अक्षर आहे की मुंगी चावली आहे?" साहेब म्हणाले. "उद्या ठेकेदार म्हणेल, खूण दिसली नाही, म्हणून शेजारचा साग पाडला. मग मी काय दाखवू?"

"पुन्हा मारतो, साहेब."

"नको. एका झाडावर तीन झाल्या. पुढच्या महिन्यात मोठे साहेब येतील. त्यांच्यासमोर जमले तर ठीक, नाही तर घरी जायची तयारी ठेवा. तोवर ऑफिसात रजिस्टरे लिहा."

रजिस्टरातले माझे अक्षर चांगले होते. पण त्यावर फॉरेस्टरची नोकरी टिकत नाही. घरी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या आणि मिळवता मी एकटा.

ऑफिसमागे मारुतीच्या देवळाला लागून आखाडा होता. दंडात जोर येण्याचे ठिकाण ते, हे मला कळत होते. तरी आत पाऊल पडत नव्हते. माझा चष्मा, माझ्या बरगड्या, आणि आत ते शड्डूंचे आवाज. रोज संध्याकाळी मी दारासमोरच्या कडुनिंबापर्यंत जाई आणि परत फिरे. एकदा आतून कोणी हाक मारली, "ओ बाबू, या ना. तिथूनच काऊन पाहून राह्यले?"

"टपाल टाकायला चाललो होतो," मी म्हणालो. पोस्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग मी दुपार निवडली. धानाच्या मळणीचे दिवस होते, दुपारी आखाड्यात कोणी नसे. दाराला नुसती कडी. मी गुपचूप आत जाऊन भिंतीशी ठेवलेली जोडी उचलू लागलो. जोडी म्हणजे खांद्यामागून फिरवायचे दोन लाकडी मुद्गल. ते कमरेच्या वर येईनात.

तिसऱ्या दिवशी दाराशी एक हलकी जोडी दिसली. ती आधीपासून असेल, माझे लक्ष गेले नसेल, असे मी धरून चाललो. पाचव्या दिवशी सारवल्यासारख्या सपाट मातीत बोटाने दोन पावले काढलेली होती. एक पुढे, एक मागे. मी सहज त्यांत उभा राहिलो. मुद्गल प्रथमच खांद्यावरून गेले.

दुसऱ्या दिवशी पावलांतले अंतर थोडे वाढवलेले होते. तेव्हा माझे कान तापले.

मी जंगलखात्याचा माणूस. जनावर कोणते, केव्हा गेले, लंगडते का, हे मातीवरून वाचायला शिकलेलो. आखाड्याची माती रोज संध्याकाळी सपाट करतात. त्या मातीत मी रोज दुपारी माझा माग सोडत होतो आणि एकदाही पुसला नव्हता.

त्या संध्याकाळी मी कडुनिंबापाशी बराच वेळ उभा राहिलो आणि मग आत गेलो.

सोमाजी वस्ताद मातीत ताक आणि हळद कालवत बसले होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, धानाची शेती करणारे. त्यांनी मान वर केली नाही.

"आले का. मले पयले वाटलं, कोल्हा शिरते आखाड्यात. मंग पाह्यलं, त माणूस. उजवी टाच रुतते, डावा पाय नुसता टेकते. म्हटलं, हा उभा नाई, हा पळाच्या तयारीत हाय."

"पोस्ट सापडलं का बाबू?" कोणीतरी विचारले. सगळे हसले. मीही हसलो.

"मग मला बोलावले का नाही?"

"बोलावलं असतं त आले असते का? भेदरलेल्याले हाका नाई मारत आमी. पाणी ठेवतो अन् बाजूले होतो." मग ते उठले. "चष्मा तिथी खुंटीवर ठेव. इथी कोणी साहेब नाई, कोणी बाबू नाई. फावडं घे."

पुढचे तीन आठवडे मी माती उकरली, बैठका मारल्या, जोडी फिरवली. ते एकच सांगत, "हाताकडं नको पाहू. हात मागून येते. पयले पाय रोव." माझ्या बरगड्यांकडे कोणी पाहत नव्हते. ज्याला त्याला आपल्याच दमाची काळजी होती.

मोठे साहेब आले. रेंजरसाहेबांनी हातोडा माझ्याकडे दिला. पहिली खूण अर्धीच उमटली. मोठ्या साहेबांनी वहीत काही लिहिले. दुसऱ्या झाडापाशी मी आधी डाव्या पायाने पाचोळा सारला, पाय रोवले, मग मारला. मोठ्या साहेबांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"पुढे चला," ते म्हणाले. माझी नोकरी कायम झाली ती एवढ्या शब्दांत.

"उमटली का?" वस्तादांनी संध्याकाळी विचारले.

"पहिली अर्धी. बाकी सगळ्या पूर्ण."

"अर्धीबी तुहीच हाय. घे फावडं."

मी रेंजर होऊन निवृत्त झालो. नवा फॉरेस्टर आला की त्याचे दंड मी कधी पाहिले नाहीत. तो कसा उभा राहतो ते पाही, आणि चूक दिसली तरी हाक मारायच्या आधी थोडा थांबे. हे नियमांच्या पुस्तकात नाही. सोमाजीभाऊंचे आभार मात्र मानायचे राहिले. शब्द जुळवेपर्यंत ते फावडे हातात देत.

गेल्या महिन्यात ते गेले. पत्र पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आखाड्याच्या जागी आता धानाचे गोदाम आहे. हलकी जोडी त्यांच्या मुलाने माझ्याकडे पाठवली. ती मी दाराशी ठेवली आहे.